अपुऱ्या दिवसांची हरवलेली नोंद

सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, असा एक समज महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. वैद्यकाच्या दृष्टीने तो निखालस चुकीचा आहे. आईच्या उदरात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या पथ्यावरच पडतो. परंतु या समजुतीतील चुकीपेक्षा तिच्यातील काळजीचे स्वरूप अधिक लक्षात घेण्यासारखे आहे. मूल जगते की नाही, एवढाच प्रश्न ती विचारते. ते जगले की विषय संपला. पाचवी पुजली, बारसे झाले आणि अपुऱ्या दिवसांची गोष्ट आजीच्या आठवणीपुरती उरली. दुर्दैवाने शासनाच्या आरोग्ययंत्रणेचा हिशेबही याच रीतीने चालतो. मूल वाचले, खाते बंद झाले! वस्तुतः खाते तेथे उघडावयास हवे.

गर्भाचे सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले मूल ते अपुऱ्या दिवसांचे, अशी वैद्यकाची व्याख्या आहे. जागतिक आरोग्य संघटना व तिच्या सहयोगी संस्थांच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ३४ लाख मुले अशी जन्मली आणि त्यांपैकी सुमारे ३० लाख एकट्या भारतात. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी यातील पुष्कळशी मुले पहिल्याच महिन्यात दगावत. आज ती वाचतात. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये जगापुढे आले. पुढे २०११ मध्ये हीच रीत देशभर आशाताईंच्या कामाचा भाग झाली. त्याच सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांच्या सरकारी रुग्णालयांत नवजात बालकांचे विशेष कक्ष उभे राहिले. लोकांच्या भाषेत सांगावयाचे, तर गरिबाचे मूलही 'काचेच्या पेटीत' ठेवले जाऊ लागले. ही सामान्य कामगिरी नव्हे. तथापि त्या पेटीतून घरी गेलेली पहिली पिढी आज दहावी-बारावीच्या वर्गांत बसली आहे, आणि तिच्या हृदयाचे व रक्तवाहिन्यांचे पुढे काय होणार, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

राहून गेलेले आठवडे

हा प्रश्न विचारावयाचे कारण काय? शेवटच्या दोन-तीन महिन्यांत गर्भाचे केवळ वजनच वाढत असते, असे नाही. माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांपैकी निम्म्याहून अधिक या शेवटच्या तिमाहीत घडतात आणि छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास हे काम कायमचे थांबते. त्यानंतर नवी गाळणी घडत नाही. ज्याचा जन्म अठ्ठाविसाव्या वा तिसाव्या आठवड्यात झाला, त्याला ही पुंजी तुटपुंजी मिळण्याचा संभव अधिक. थोड्या गाळण्यांवर आयुष्यभराचे काम पडले, की शरीर रक्तदाब वाढवून ते निभावून नेते. रक्तदाबाची एक वाट अशी मूत्रपिंडातून जाते.

दुसरी वाट रक्तवाहिन्यांतून जाते. महारोहिणीला रबरासारखी लवचिकता देणारे द्रव्य मुख्यतः गर्भावस्थेच्या उत्तरार्धात व जन्मानंतरच्या थोड्या काळातच साठते. ते अपुरे पडले, तर नळी ताठर राहते. तिसरी गोष्ट खुद्द हृदयाची. आईच्या वारेच्या सौम्य रक्ताभिसरणावर वाढणाऱ्या त्या कोवळ्या स्नायूला वेळेपूर्वीच बाहेरच्या जगातील दाबाशी झुंज द्यावी लागते. १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत अपुऱ्या दिवसांची जन्मलेली काही मुले विशी-तिशीत आल्यावर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी चुंबकीय यंत्राने त्यांच्या हृदयाची चित्रे घेतली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत हृदयाचा डावा कप्पा किंचित आखूड, त्याची भिंत जाडसर आणि आकार निराळा आढळला. ही माणसे आजारी नव्हती. चारचौघांसारखी ती नोकरीधंदा करीत होती. परंतु त्यांच्या देहाने एक जुना हिशेब जपून ठेवला होता.

अशा प्रौढांचा रक्तदाब पूर्ण दिवसांच्या सोबत्यांपेक्षा सरासरीने दोन-चार मिलिमीटर अधिक असतो, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्या दाखवितात. एका माणसाच्या बाबतीत हा फरक नगण्य वाटेल. पण समाजाची सरासरी एवढीशी जरी सरकली, तरी पक्षाघात व हृदयविकार यांच्या टोकाला उभ्या असलेल्यांची संख्या लक्षणीय वाढते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी हे सहज ओळखील. दारिद्र्यरेषेच्या जवळ दाटीने उभ्या असलेल्या समाजात भाव चार आण्यांनी चढले, तरी हजारो कुटुंबे रेषेखाली जातात. तसाच हा प्रकार आहे.

चोपड्यांनी सांगितलेली गोष्ट

हे ज्ञान जगाला कोठून मिळाले, हे पाहणे उद्बोधक आहे. ते प्रथम मिळाले जुन्या चोपड्यांतून. इंग्लंडातील हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या आरोग्य पर्यवेक्षिकेने १९११ पासून एक शिस्त लावली होती. सुईणीने प्रत्येक बाळाचे जन्मवजन लिहावयाचे आणि वर्षभराने आरोग्यसेविकेने घरी जाऊन पुन्हा वजन घ्यावयाचे. या नोंदवह्या पुढे साठसत्तर वर्षे पडून राहिल्या. १९८० नंतरच्या दशकात डेव्हिड बार्कर यांनी त्या शोधून काढल्या आणि १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांचे पुढे काय झाले, याचा माग काढला. ज्यांचे बालपणीचे वजन सर्वांत कमी, त्यांच्यातच हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत अधिक, हा निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रौढांच्या रोगांची मुळे पाळण्याच्याही अलीकडे असतात, हा विचार त्यानंतर दृढ झाला.

या चोपड्यांत वजन होते, आठवडे नव्हते. अपुरे वजन आणि अपुरे दिवस या दोन भिन्न गोष्टी आहेत. दोन किलोचे मूल वेळेपूर्वी आलेले असेल किंवा पूर्ण दिवस काढूनही उदरात उपाशी राहिलेले असेल. आठवड्यांचे उत्तर स्वीडनने दिले. त्या देशाने १९७३ पासून प्रत्येक जन्माची, गर्भाच्या आठवड्यांसह, राष्ट्रीय नोंद ठेवली आहे. १९७३ ते १९९४ या काळात जन्मलेल्या २१ लाखांहून अधिक लोकांचा माग घेतल्यावर २०१९ मध्ये असे दिसून आले, की अपुऱ्या दिवसांच्या लोकांना तिशी ते त्रेचाळिशीच्या वयात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार होण्याचा संभव पूर्ण दिवसांच्या लोकांपेक्षा सुमारे ५३ टक्क्यांनी अधिक आहे. हा आकडा वाचून कोणी घाबरून जाऊ नये. त्या एकवीस लाखांत या वयापर्यंत असा विकार झालेले लोक एकूण दोन हजारांहूनही कमी होते. लहान संख्येची दीडपट ही लहानच असते. परंतु वय वाढते तशी ती मूळ संख्याही वाढते, आणि भारतात हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा लवकर गाठतो, हेही विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रात असे काम झालेच नाही, असे नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात दोन किलोपेक्षा कमी वजनाची जी बालके विशेष कक्षातून घरी गेली, त्यांच्या वाढीचा व बुद्धीचा पाठपुरावा डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तब्बल अठराव्या वर्षापर्यंत केला. त्या वयातही दीडशेहून अधिक मुले तपासणीसाठी आली. त्याच रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी तेथे जन्मलेल्या ४७७ मुलांची आठव्या वर्षी तपासणी केली. जन्मतः लहान असलेली पण आठव्या वर्षी वजनदार झालेली मुले मधुमेह व हृदयविकार यांच्या वाटेवर सर्वांत पुढे आहेत, असे तीत आढळले. पुढे १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास सुरू झाला. तेथील पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आत-बाहेर भरले. इंग्रज बाळाचे ते साडेतीन किलो असते. विशेष हे, की स्नायूंत उणे असलेले हे मराठी बाळ त्वचेखालील चरबीत मात्र फारसे उणे नव्हते. मूल वाळके म्हणून त्याला सारखे तूप-साखर चारणाऱ्या आयाआज्यांनी या दोन पाहण्यांकडे अवश्य लक्ष द्यावे.

नोंद कोठे हरवते?

आता पुण्याहून मंठ्याकडे यावे, कारण प्रश्नाची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते. जालन्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर, जिंतूरच्या वाटेवर वसलेला हा कापूस-सोयाबीनचा तालुका. दिवाळीच्या सुमारास तालुक्यातील वाड्या-तांड्यांवरून उसतोडीसाठी जोडपी बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. तेव्हा बाईला दिवस गेलेले असले, तरी मोळी तिच्या डोक्यावरून उतरत नाही. मुलींची लग्ने लवकर होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जालना जिल्ह्यातील विशी-पंचविशीच्या सुमारे एक तृतीयांश स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेला होता. कोवळे वय, अंगात रक्त कमी आणि कष्ट अधिक, ही सारी वेळेपूर्वीच्या बाळंतपणाची निमंत्रणे आहेत.

अशी एखादी सून कारखान्याच्या तळावर, परजिल्ह्यात बाळंत होते. मूल दीड-पावणेदोन किलोचे. चार आठवडे विशेष कक्षात राहून ते वाचते. मुळात किती आठवड्यांचे, हे नक्की सांगणे कठीण, कारण शेवटची पाळी 'पोळ्याच्या आधी' की 'गौरी-गणपतीत' एवढेच तिला स्मरते आणि पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी झालेली नसते. तरीही डॉक्टरांनी अंदाजाने आठवडे लिहिलेले असतात. ती नोंद घरी जातानाच्या कागदावर असते, माता-बाल संरक्षण कार्डावर असते आणि आणखी एका ठिकाणी असते, ज्याची कल्पना फार थोड्यांना आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याखाली जन्माची खबर देण्याचा जो नमुना आहे, त्याचे दोन भाग पडतात. एक कायदेशीर, दुसरा सांख्यिकी. बाळाचे वजन आणि गर्भाचे आठवडे विचारणारे रकाने या दुसऱ्या भागात आहेत. म्हणजे शासन ही माहिती विचारते. परंतु दाखला मिळतो तो पहिल्या भागाचा. दुसरा भाग एकत्रित आकड्यांसाठी वेगळा काढला जातो. आठवडे बेरजेत मिसळून जातात आणि ज्या माणसाचे ते होते, त्याच्या हाती काहीच उरत नाही!

उरलेल्या कागदांची गतही सांगण्यासारखी नाही. कार्ड पत्र्याच्या पेटीत, तेथून पावसात. लसी संपल्या की त्याचे कामही संपते. आशाताईच्या नवजातासाठीच्या भेटी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आणि बालकासाठीच्या पंधराव्या महिन्यापर्यंत. त्यानंतर अंगणवाडी व शाळांतून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. हा कार्यक्रम महाराष्ट्रातच, पालघर येथून, २०१३ मध्ये सुरू झाला आणि तो अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. दुसऱ्या टोकाला रक्तदाब, मधुमेह यांची घरोघरची नित्य तपासणी सुरू होते ती तिसाव्या वर्षी. मधली बारा वर्षे कोणाची? २०२२ मधील 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' यासारख्या मोहिमांत अठरा वर्षांवरील स्त्रियांची तपासणी झाली, हे खरे. पण मोहीम ही वळवाचा पाऊस असते. तिच्याने विहिरीला पाणी लागत नाही. आणि मुख्य गोष्ट ही, की अठराव्या वर्षीच्या तपासणीत काय अथवा तिसाव्या वर्षीच्या तपासणीत काय, 'तुम्ही किती आठवड्यांचे जन्मला?' हा प्रश्न कोणी विचारीत नाही, आणि विचारला तर उत्तर देण्यास कागद नाही.

आक्षेपांचा विचार

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा, की जेथे बाळंतिणीला वेळेवर गाडी मिळण्याची भ्रांत, तेथे चाळीस वर्षांनंतरच्या हृदयाची चिंता ही चैन आहे. हा युक्तिवाद वरवर सयुक्तिक वाटतो. पण मराठवाड्याच्या माणसाला त्याचे उत्तर बाहेर शोधावयास नको. पाझर तलाव बांधावयाचा, उद्‌घाटनाचा नारळ फोडावयाचा आणि पुढे वीस वर्षे गाळ काढावयाचा नाही, हा व्यवहार त्याने पुरेपूर पाहिला आहे. विशेष कक्षात मूल वाचविणे ही भांडवली गुंतवणूक आहे. त्याचा रक्तदाब वर्षातून एकदा मोजणे ही देखभाल आहे. देखभाल नेहमीच स्वस्त असते. ती टाळली, तर उद्या त्याच माणसाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून शासनच खर्च करणार आहे. योजनेबाहेरच्या खर्चासाठी घरचे एकर-दीड एकर रान विकले जाणार आहे, ते वेगळेच. कमावत्या माणसाचे चाळिशीत अंथरुणाला खिळणे हे कोणत्याही तक्त्यात न बसणारे नुकसान होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही नोंद जन्मदाखल्यावर आली, तर तिचा दुरुपयोग होणार नाही काय? २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्या वर्षाच्या १ ऑक्टोबरपासून नव्या पिढीसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंतचा मुख्य पुरावा झाला आहे. 'अपुऱ्या दिवसांची' हा शिक्का एखाद्या मुलीच्या स्थळाच्या आड येईल, नोकरी देणारा नाक मुरडील, विम्याचा हप्ता चढेल. ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच ही नोंद दाखल्यावर असू नये. ती त्या व्यक्तीच्या ताब्यातील आरोग्यपत्रिकेत असावी आणि तिच्या संमतीवाचून कोणास दिसू नये. पत्रिकेतले ग्रह जुळविण्यासाठी जन्मवेळ मिनिटापर्यंत टिपून ठेवणाऱ्या समाजाला गर्भाचे आठवडे टिपून ठेवणे अवघड जाऊ नये.

तिसरा आक्षेप भयाचा. निरोगी तरुणाच्या मनात उगाच किडा का सोडावा? त्याला उत्तर एवढेच, की अपुऱ्या दिवसांची बहुसंख्य माणसे उत्तम आयुष्य जगतात. अपुरे दिवस हा रोग नव्हे आणि ते विधिलिखितही नव्हे. तो एक इशारा आहे, आणि इशारा ऐकणाऱ्याच्या हाती पुष्कळ काही असते.

थोडक्यात साधणारे काम

प्रथम, बाळ विशेष कक्षातून घरी जाताना आठवडे व वजन यांची नोंद असलेला टिकाऊ कागद आईच्या हाती द्यावा आणि तीच नोंद २०२१ पासून देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य खात्यात चढवावी. उसतोडीच्या तळावर जन्मलेल्या मुलाला कागदापेक्षा या खात्याचाच आधार अधिक. दुसरे, गर्भवतीची पहिली सोनोग्राफी पहिल्या तीन महिन्यांतच व्हावी, म्हणजे आठवड्यांचा हिशेब पोळ्या-गणपतीवर विसंबून राहणार नाही. तिसरे, शाळा तपासणाऱ्या पथकाने अशा मुलांचा रक्तदाब दरवर्षी मोजावा आणि अठरा ते तीस या बारा वर्षांत ते काम महाविद्यालयांनी व प्राथमिक आरोग्य केंद्रांनी उचलावे. रक्तदाब मोजण्याचे यंत्र आज एखाद्या खासगी रुग्णालयातील अतिदक्षता विभागाच्या एका दिवसाच्या खर्चापेक्षाही स्वस्त मिळते. चौथे, अशा मुलीला पुढे दिवस गेले, तर तिच्यावर अधिक लक्ष असावे, कारण गरोदरपणी रक्तदाब वाढण्याचा व तिचेही मूल वेळेपूर्वी येण्याचा संभव तिच्या बाबतीत अधिक असतो. आणि ज्या आईचे मूल वेळेपूर्वी आले, तिच्याही हृदयाला पुढील आयुष्यात अधिक धोका असतो. एका नोंदीत दोन जीवांची काळजी आहे.

घरी करावयाचे तर त्याहून सोपे आहे. आईचे दूध, हे पहिले. इंग्लंडात १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत ज्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पेढीतील मातेचे दूध मिळाले, त्यांचा रक्तदाब तेरा ते सोळा वर्षांच्या वयात डब्याच्या दुधावर वाढलेल्यांपेक्षा कमी आढळला, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. त्यानंतर वाढत्या वयात वजनावर नजर, ताटातल्या मिठावर हात आखडता, मैदानावर खेळ आणि तंबाखू, गुटखा, विडी यांपासून कटाक्षाने दूर राहणे. उपदेश जुनाच आहे. मात्र ज्याची पुंजी मुळात थोडी, त्याने उधळपट्टी करू नये, हे अर्थशास्त्र त्याला नव्याने लागू पडते.

शिक्षकांनी पालकसभेत हा प्रश्न एकदा विचारून पाहावा. कचेरीत काम करणाऱ्यांनी वार्षिक तपासणीच्या वेळी तो स्वतःला विचारावा. विद्यार्थ्यांनी तर घरी जाऊन आजच आईला विचारावे. महिना कोणता, वजन किती, पेटीत ठेवले होते काय? ज्या आईच्या स्मरणात ते आहे, ती आज आहे. उद्या ती स्मृतीही जाईल. मिळालेले उत्तर वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवावे आणि डॉक्टरांकडे जाताना सांगावे. हर्टफर्डशायरच्या सुईणींना आपल्या चोपड्यांचा पुढे काय उपयोग होणार, हे ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त नेमाने लिहिले. मंठ्याची आशाताईही आज नेमाने लिहीतच आहे. तिने लिहिलेले त्या मुलापर्यंत, ते चाळीस वर्षांचे होईतो, पोचते ठेवणे, एवढेच शासनाचे काम उरले आहे.